नंबराआधी दोन लावताना

टेलिफोन खात्याचं पत्र गुरुवारी दुपारी माझ्या हातात पडलं. ऑफिसात ते आठवडाभर आधीच आलं होतं, पण बियाण्यांच्या जाहिरातींच्या गठ्ठ्याखाली दबून राहिलं होतं. मी उभ्या उभ्याच वाचलं. येत्या रविवारी, सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान, वर्ध्याचे सगळे पाच आकडी नंबर सहा आकडी होणार. प्रत्येक नंबराआधी दोनचा आकडा लागणार. त्यानंतर जुना नंबर चालणार नाही.

बाकीच्यांना डायरीत एक आकडा वाढवला की झालं. आमची मात्र झोप उडायची वेळ होती.

हे २००२ सालचं सांगतोय. आमची शेतकी संस्था होती आणि तिनं जिल्ह्यातल्या बावीस गावांत एकेक कॉम्प्युटर ठेवला होता. नालवाडी, नाचणगाव, आंजी, अल्लीपूर, गिरड, समुद्रपूर, पार वरती आष्टीपर्यंत. गावातलंच कुणीतरी तो सांभाळायचं. रोज सकाळी तो कॉम्प्युटर मोडेममधून वर्ध्याच्या ऑफिसला फोन लावायचा, हवामान, बाजारभाव, कपाशीवरच्या किडीची माहिती उतरवून घ्यायचा, गावकऱ्यांचे प्रश्न आमच्याकडे टाकायचा आणि फोन ठेवायचा. सगळं लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचं. फोन कुठे लावायचा हे प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एका सेटिंगच्या फाइलीत लिहिलेलं असायचं.

म्हणजे बावीस गावांत बावीस फाइली आणि प्रत्येकीत आमचा जुना नंबर. रविवारी दुपारनंतर ही सगळी मशीनं चुकीचा नंबर फिरवत बसणार. त्यांना सांगायचं म्हटलं तर त्यांच्यापर्यंत जायला तेवढी एकच वाट, तीही फोनचीच.

मी धीरज. मोडेम, बॅटऱ्या, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे माझं खातं. मशीनच्या आतलं सगळं हर्षा बघायची. हर्षा नाचणगावची, तिच्या वडिलांचं, हिरालालजींचं, पुलगावच्या बाजारात कापडाचं दुकान. सव्वीस वर्षांची होती. मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स शिकली होती आणि बोलायला लागली की समोरच्याला मधे बोलूच द्यायची नाही.

मी पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिनं दोनदा वाचलं. एकदम गप्प झाली.

त्याला कारण होतं. दीड वर्षापूर्वी अशाच एका बदलासाठी तिनं एका ओळीची आज्ञा लिहून सगळ्या गावांना पाठवली होती. फाइल वाच, त्यातला एक शब्द बदल, आणि त्याच फाइलीत परत लिही. दिसायला सरळ. पण शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, उलट्या क्रमानं चालतो. ज्या फाइलीत लिहायचं ती आधी रिकामी करतो, मग वाचायला जातो. वाचायला गेला तेव्हा आत काहीच नव्हतं. एका सकाळी बावीस कॉम्प्युटर आपण कुणाला फोन लावायचा हेच विसरून गेले. मी पिशवीत फ्लॉप्या घेऊन एकोणीस दिवस एसटीनं गावोगाव फिरलो. हर्षानं ते दिवस ऑफिसात कसे काढले, ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आम्ही दोघं सदाशिवरावांकडे गेलो. ते संस्थेचे सचिव, शेतकी शाळेतून निवृत्त झालेले, आवाज न चढवता माणसाला घाम फोडणारे.

पत्र वाचून त्यांनी मला विचारलं, "रविवारच्या आत बावीस गावं होतील?"

"नाई होत सर. जीप केली तरी आठ-दहा."

"मग उरलेली?"

हर्षा म्हणाली, "सर, मी स्क्रिप्ट लिहिते. आज्ञांची यादी, मशीन एकामागून एक आपोआप चालवन."

सदाशिवरावांनी पत्र टेबलावर ठेवलं. "मागं आपलं ठरलं होतं, हर्षाताई. गावच्या मशीनला दुरून हात लावायचा नाही."

"मागं मी फाइलीवरच हात चालवला होता, सर. आता फाइलीले हातच नाई लावत. तिच्या बाजूले दुसरी मांडते." ती पुढे सरकली. "मले उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या. पह्यले नालवाडीच्या मशीनवर करून पाह्यतो आम्ही. तिथं फसलं तं धीरजभाऊ सायकलनं जाऊन नीट करून येतीन. तिथं जमलं, तरच बाकीच्यांना."

"आणि नाही जमलं?"

"मंग जितकी गावं होतीन तितकी जीपनं."

सदाशिवरावांनी पत्राची घडी घातली. "उद्या संध्याकाळपर्यंत," ते म्हणाले.

तिथून बाहेर पडल्यावर हर्षा जवळजवळ पळतच टेबलाशी गेली. मघाची गप्प झालेली पोरगी कुठे गेली होती कोण जाणे. पाठकोरा कागद ओढला आणि चौकोन काढायला लागली.

"हे पाहा धीरजभाऊ. ही खरी फाइल. पह्यले हिची कॉपी, तारीख टाकून बाजूले ठेवायची. कॉपी झाली का नाई, थे तपासायचं. नाई झाली तं तिथंच थांबायचं, पुढं जायचंच नाई. मंग नवीन फाइल लिहायची, वेगळ्या नावानं. बदल त्या नवीनमंधी. मंग जुनी अन् नवी समोरासमोर धरायची. एकच ओळ बदलली पायजे. दोन बदलल्या तं थांबायचं. एकही नाई बदलली तं थांबायचं. सगळं नीट असलं, तरच नवीले खऱ्या फाइलीचं नाव द्यायचं."

"नाव देतानाच लाइन गेली तर?"

"तेच तं मजा आहे!" तिनं टेबलावर थाप मारली. "नाव बदलणं अर्धं होतच नाई. झालं तं झालं, नाई तं नाई. लाइन कवाही जाऊ द्या, त्या जागेवर जुनी पुरी फाइल असन नाई तं नवी पुरी फाइल. रिकामी कधीच नाई."

मी तिला विचारलं, रविवारी दहा ते एकमध्ये नेमका बदल केव्हा होणार हेच माहीत नाही, त्याचं काय? लवकर बदललं तर नवा नंबर चालू नसणार, उशीर केला तर जुना बंद झालेला असणार.

तिचा पेन हवेतच थांबला. मग ती हळूच हसायला लागली. "मंग मशीनलेच पाहू द्यायचं ना. बदल कर, नवीन नंबर फिरवून पाह्य. तीनदा पाह्य. नाई लागला तं जुनी फाइल परत जागेवर ठेव, जुन्या नंबरवर फोन करून आम्हाले सांग, अन् अर्ध्या तासानं पुन्हा नव्यानं कर."

त्या दिवशी ती चहा प्यायला उठली नाही. मी कप नेऊन ठेवला, त्याच्यावर साय धरली.

शुक्रवारी दुपारी आम्ही नालवाडीला गेलो. तिथलं मशीन तानबा सांभाळायचे, साठीचे, रोज सकाळी की-बोर्ड ओल्या फडक्यानं पुसणारे. मशीनशेजारी त्यांनी अगरबत्तीचं घरसुद्धा ठेवलं होतं. हर्षानं स्क्रिप्टमध्ये मुद्दाम एक थांबा घातला होता. नवी फाइल लिहून झाली की वीस सेकंद नुसतं थांबायचं, आणि मगच नाव बदलायचं. स्क्रिप्ट सुरू झाली. पडद्यावर आलं, "कॉपी झाली." मग, "नवी फाइल लिहिली." हर्षानं माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मी भिंतीतला प्लग ओढला.

पडदा काळा झाला.

"अव बाई!" तानबा ओरडलेच. "हे काय करून राह्यले तुमी? चालत्या मशीनचा जीव घेता का?"

"घेऊन पाह्यतो काका," हर्षा म्हणाली. "मरते का नाई थे पाहा लागते."

मी प्लग परत लावला. मशीननं आपली डिस्क तपासायला सुरुवात केली. सात-आठ मिनिटं लागली असतील, पण तानबांनी त्यात मला तीनदा वेळ विचारली. शेवटी पडद्यावर अक्षरं आली. हर्षानं फाइल उघडली. जुना नंबर, जशाच्या तसा. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

"पुन्हा," ती म्हणाली.

आम्ही पाचदा प्लग ओढला. कॉपी होताना, नवी फाइल लिहिताना, एकदा तर बरोबर नाव बदलायच्या सुमाराला. चारदा जुनी फाइल सापडली, एकदा नवी, दर वेळी सगळी. पाचव्यांदा तर तानबाच म्हणाले, "मी ओढू का?" आणि त्यांनीच ओढला. फाइल शाबूत निघाली तेव्हा ते मांडीवर हात मारून हसले.

नवा नंबर अजून सुरूच नव्हता, त्यामुळे परत जुन्यावर यायचं कामही तिथंच तपासता आलं. मशीननं नवा नंबर फिरवला, तीनदा नंबर नसल्याचा आवाज ऐकला, जुनी फाइल परत ठेवली आणि मुकाट्यानं वर्ध्याला फोन करून सांगितलं. हर्षा खुर्चीतून उठली, खोलीत एक चक्कर मारली आणि परत बसली.

संध्याकाळी सदाशिवरावांनी आमच्याकडून सगळं ऐकून घेतलं. प्लगची गोष्ट दोनदा सांगायला लावली. मग म्हणाले, "पाठवा."

शनिवारी सकाळी बावीस मशीनांनी नेहमीप्रमाणे फोन लावला आणि माहितीसोबत हर्षाची स्क्रिप्टही उतरवून घेतली. त्याच फोनवर त्यांची घड्याळं वर्ध्याच्या घड्याळाशी जुळवून घेतली. रविवारी दहा वाजून पाच मिनिटांपासून दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं एकेका गावानं सुरुवात करायची, म्हणजे आमच्या एका मोडेमपाशी गर्दी होणार नाही. बाकी आता आमच्या हातात काही नव्हतं.

रविवारी नऊ वाजताच आम्ही तिघं ऑफिसात होतो. सदाशिवरावांनी वर्गात असतं तसं फळ्यावर बावीस गावांची नावं स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिली. मोडेमची लाइन वेगळी, बोलायचा फोन वेगळा. दहा वाजले. दहा पाच झाले. मोडेमचा दिवा बंद.

हर्षानं बोलायच्या फोनवरून नवा नंबर फिरवला. बाईचा आवाज आला, कृपया नंबर तपासून पाहा. तिनं फोन ठेवला. "अजून नाई झालं."

"म्हणजे आता मशीनं चुकीचा नंबर लावताहेत?" सदाशिवरावांनी विचारलं.

"हो सर. पह्यलं मशीन तीन वेळा पाह्यन, पाच-पाच मिनिटांनी. मंग परत येईन."

"येईल ना?"

नालवाडीत आलं होतं. पण तिथं आम्ही समोर बसलो होतो. दहा दहा. दहा पंधरा. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याच्या भोंग्यानं आम्ही तिघंही दचकलो. दहा वाजून सतरा मिनिटांनी मोडेमचा दिवा लुकलुकला आणि ती ओळखीची किरकिर सुरू झाली.

पडद्यावर ओळ उमटली. "अल्लीपूर. नवा नंबर लागला नाही. जुनी फाइल परत ठेवली. अर्ध्या तासानं पुन्हा प्रयत्न."

"आलं!" हर्षा किंचाळली. "आलं सर, परत आलं! आपोआप!"

सदाशिवराव उठून फळ्यापाशी गेले आणि अल्लीपूरपुढे एक बारीक टिंब दिलं. मग आष्टी आलं, आंजी आलं, गिरड आलं. दर दोन मिनिटांनी किरकिर, आणि प्रत्येकाचं तेच म्हणणं. नवा लागला नाही, जुन्यावर आलो. जे होऊ नये म्हणून आम्ही तीन दिवस जीव टाकला होता ते गावोगाव होत होतं आणि काहीच बिघडत नव्हतं. मी टेबलावर बसून पाय हलवत होतो. मला नाचावंसं वाटत होतं.

मधेच समुद्रपूर आलं. त्याची ओळ वेगळी होती.

"समुद्रपूर. नंबराच्या ओळी दोन सापडल्या. फाइलीला हात लावला नाही."

हर्षाचं हसू थांबलं. "दोन? दोन कशा? आपण तं एकच टाकली होती."

स्क्रिप्टनं बरोबर केलं होतं. खात्री नव्हती म्हणून ती थांबली होती. पण थांबली म्हणजे समुद्रपूरचा नंबर आता बदलणार नव्हता, आणि टेलिफोनवाल्यांचा बदल कुठल्याही मिनिटाला होऊ शकत होता. तो झाला की समुद्रपूर तुटलं.

मी समुद्रपूरला फोन लावला. तिथलं मशीन देवकाबाई बघायच्या. शेतकरी घरातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्याकडे बोलायला आणि मशीनला मिळून एकच फोन होता. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला. मी रिसीव्हर हर्षाला दिला आणि आम्ही दोघं कान लावून उभे राहिलो.

"देवकामावशी, हर्षा बोलते. तुमच्या फाइलीमंधी नंबर दोनदा काऊन दिसून राह्यला?"

पलीकडून बारीक आवाज आला, "मीनं केलं पोरी. रागावशीन का?"

"तुम्ही? फाइल उघडून?"

"हाव. धीरजभाऊनं त्या वक्ती कागद लिहून देल्ला होता ना, फाइल कशी उघडा लागते, कशी बंद करा लागते. थेच पाहून पाहून केलं. मशीनचा फोन लागतच नव्हता ना बाई. चारदा, पाचदा. मी हातानं लावते तवा लागे. मंग मी कान देऊन आयकलं. मी वर्ध्याचा कोड फिरवला का जरा थांबते, आतमंधी कट्टकन आवाज येते, मंग पुढचा नंबर फिरवते. मशीन थांबतच नव्हती. धडाधडा फिरवे. त्या कागदावर लिहिलं होतं, स्वल्पविराम म्हंजे थोडं थांब. मंग म्या कोडच्या मांगं एक स्वल्पविराम टाकला."

हर्षा माझ्याकडे बघायला लागली. दिवाळीपासून समुद्रपूरचा फोन पहिल्या झटक्यात लागतो, हे मी सगळ्यांना सांगत फिरत होतो. मी नवीन वायर टाकली होती ना!

"अन् दुसरी ओळ?" हर्षानं विचारलं.

"थे जुनीच आहे. तिच्याआधी ती जाळीवानी खूण देल्ली, म्हंजे मशीन तिच्याकडं पाह्यत नाई. पुसली नाई म्या. माह्यं नवीन नाई चाललं असतं तं मंग कुठून आणली असती?"

हर्षाचा हात रिसीव्हरवर घट्ट झाला. "मावशी," ती म्हणाली, "एकदम बरोबर केलं तुम्ही. एकदम. आता त्या दोन ओळी मले वाचून दाखवा. एकेक अक्षर. घाई नका करू."

देवकाबाई वाचत गेल्या. जाळी, मग आकडे, मग दुसऱ्या ओळीत कोड, "इथं स्वल्पविराम," मग आमचा नंबर. हर्षानं ते जसंच्या तसं आमच्या मशीनवर एका फाइलीत उतरवलं, फोन ठेवला आणि स्क्रिप्ट सुधारायला बसली. जाळीची खूण असलेली ओळ मोजायची नाही. कोड आणि स्वल्पविराम जागेवर राहू द्यायचे, दोन बरोबर आमच्या नंबराआधी लागला पाहिजे.

सदाशिवराव तिच्या पाठीमागे फेऱ्या मारत होते. "झालं ना? पाठवा आता. अकरा वाजायला आले."

"तपासल्याशिवाय नाई सर."

"अहो, पण तिकडे बदल झाला म्हणजे?"

"झाला तं झाला. चुकीचं पाठवलं तं समुद्रपूर आपल्याच हातानं बंद होईन."

सदाशिवराव थांबले. मग खुर्ची ओढून निमूट बसले. हर्षानं देवकाबाईंच्या फाइलीच्या नकलेवर स्क्रिप्ट चालवली. पहिल्यांदा दोनचा आकडा चुकीच्या जागी लागला, कोडच्याही आधी. स्क्रिप्टनं दाखवलेला फरक बघून ती "अरे देवा" म्हणाली आणि हसली. दुसऱ्यांदा बरोबर लागला. खात्रीसाठी तिसऱ्यांदा चालवली, तर स्क्रिप्ट म्हणाली की बदल आधीच झालेला आहे, काही करायचं नाही. तेव्हा कुठे तिनं ती समुद्रपूरसाठी ठेवली.

मी परत फोन लावला. "मावशी, मशीनले आत्ताच वर्ध्याले फोन लावाले सांगा. मी ठेवतो. तुम्ही पण ठेवा."

"ठेवला," देवकाबाई म्हणाल्या, आणि फोन कटला.

एक मिनिट गेलं. आंजीवाल्या मशीननं मधेच येऊन जागा अडवली, दुसऱ्या खेपेलाही नवा नंबर न लागल्याचा निरोप देऊन गेलं. हर्षा नखं खात होती. दिवा पुन्हा पेटला. समुद्रपूर! नवी स्क्रिप्ट उतरताना पडद्यावर टक्के वाढत होते आणि आम्ही तिघंही त्या आकड्यांवर ओणवे झालो होतो. शंभर. फोन बंद.

अकरा वीस झाले होते. हर्षा दर दोन मिनिटांनी बोलायच्या फोनवरून नवा नंबर फिरवत होती आणि तीच बाई तिला नंबर तपासायला सांगत होती. अकरा वाजून एकतीस मिनिटांनी तिनं फिरवला आणि बाई आलीच नाही. घंटी वाजली. आमच्याच टेबलावरचा मोडेम जागा झाला आणि रिसीव्हरमधून त्याची किंचाळी इतक्या जोरात आली की हर्षानं फोन कानापासून दूर धरला.

"चालू झाला! धीरजभाऊ, नवा नंबर चालू झाला!"

मग जे सुरू झालं, ते मी कधी विसरणार नाही. नाचणगाव आलं. "नवा नंबर लागला. बदल कायम केला." हर्षानं "माह्यं गाव!" म्हणून टाळी वाजवली. सेलू आलं. देवळी आलं. सदाशिवराव टिंबांवर खडूनं गोल करत होते, आणि दिवा विझायच्या आधीच पुढच्या गावाचं नाव सांगायची आमची शर्यत लागली होती. "खरांगणा असेल." "नाई सर, तळेगाव." तळेगाव आलं की सदाशिवराव स्वतःवरच चिडायचे. नालवाडी आलं तेव्हा मागोमाग तानबांचा बोलायचा फोन आला, "आमचं लागलं का?" आणि त्यांनी कुणालातरी मोठ्यानं सांगितलेलं आम्हाला ऐकू आलं, "लागलं म्हणते!"

समुद्रपूर आलं ते पहिल्याच प्रयत्नात. गिरडला दोन, कारंज्याला तीन प्रयत्न लागले, त्यांना कोड फिरवून झाल्यावर थांबायचं माहीत नव्हतं. हर्षानं ती नोंद घेतली आणि पुढे फक्त एक स्वल्पविराम लिहून ठेवला.

बारा पन्नासला फळ्यावर एकच गाव उरलं होतं, आष्टी. सर्वात लांबचं. मोडेम किरकिरला, मधेच तुटला, पुन्हा किरकिरला. "आष्टी. नवा नंबर लागला. बदल कायम केला."

हर्षा उभी राहिली आणि तिला काय करावं सुचेना. ती सदाशिवरावांच्या पाया पडायला वाकली तर त्यांनी तिला खांद्यांना धरून उभं केलं. "अहो, मलाच कळत नाहीये काय करू," ते म्हणाले, आणि हातातला खडू खिशात टाकला. त्यांचा पांढरा सदरा होता म्हणून बरं.

मंगळवारी मी आणि हर्षा समुद्रपूरच्या बसनं निघालो. मला बॅटरी बदलायची होती. हर्षाला फक्त देवकाबाईंना भेटायचं होतं. त्या दोघींची आजवर प्रत्यक्ष भेटच झाली नव्हती. देवकाबाई केंद्राच्या दारात उभ्या होत्या, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात वही. वहीत त्यांनी स्क्रिप्टचे पडद्यावर आलेले सगळे निरोप उतरवून ठेवले होते, वेळेसकट.

"बस," त्या हर्षाला म्हणाल्या, "पाणी घे. अन् मंग मले सांग, हे लिहाचं कसं? मले फाइल उघडता येते, पण हे जे आपोआप करते ना, थे शिकाचं आहे."

"शिकवते ना मावशी. तुम्ही सांगा, तुम्हाले मशीनकडून आपोआप काय करून पायजे?"

देवकाबाईंकडे उत्तर तयारच होतं. गावातले लोक प्रश्न विचारायचे, तेच तेच प्रश्न, आणि जुनी उत्तरं कुठल्या फाइलीत आहेत ते शोधताना त्यांचा अख्खा दिवस जायचा. किडीचं नाव सांगितलं की मशीननं उत्तर शोधून काढलं पाहिजे. हर्षानं खुर्ची पुढे ओढली आणि की-बोर्डाकडे हात नेला, तर देवकाबाईंनी तो हलकेच बाजूला सारला.

"तू नको. तू सांग. मीच करते."

त्यांनी एका बोटानं पहिलं अक्षर शोधलं. मी बॅटरी उघडून बसलो होतो. हर्षा एकेक शब्द सांगत होती आणि देवकाबाई तो दाबायच्या आधी मोठ्यानं म्हणत होत्या. तीन ओळी व्हायला पाऊण तास लागला. चौथी लिहून झाल्यावर त्यांनी स्वतःच एंटर दाबला, आणि मशीननं बोंडअळीबद्दलचे अकरा जुने प्रश्न, उत्तरांसकट, एकाखाली एक पडद्यावर मांडले.

देवकाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. "अकरा!" त्या म्हणाल्या. "पाह्य ना व, अकराच्या अकरा!" आणि हर्षाचा हात धरून त्या दारापर्यंत गेल्या, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला तरी हाक मारायला.